एक लाख तीन

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं मोजून टेकवली आहेत, तू उलट टपाली हिशेब मागशील म्हणून आधीच सांगितलं.) तुझा गुडघा कसा आहे? डावा दुखायचा थांबला की आता दोन्ही एका सुरात बोलतात? तुझं मांजर अजून वजनकाट्यातच झोपतं का? शाळेतून निवृत्त झाल्यावरही तू शेजारपाजारची मुलं पकडून त्यांना भागाकार घालतेस असं कानावर आलं. त्या मुलांना माझा नमस्कार आणि सहानुभूती कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे. भूक लागते. झोप मात्र गेले काही महिने उडाली होती आणि ती एका संख्येने उडवली होती. हसू नकोस. माणसं कर्जाने, प्रेमाने, ढेकणांनी जागी राहतात, तसा मी एका पूर्ण संख्येने राहिलो. तुझ्या मागच्या पत्रात दोन प्रश्न होते : नोकरी टिकून आहे का आणि लग्नाचं काय. पहिल्याचं उत्तर येत्या रविवारी मिळणार आहे. दुसऱ्याचं शेवटी जागा उरली तर बघू.

माझं काम नक्की काय, हे तुला आजवर पटलेलं नाही. (चांगलं अख्खं चित्र तोडायचं आणि लोकांना जोडायला विकायचं, याला पगार देतात का, असं तू चारचौघांत विचारलं होतंस.) तर पुन्हा सांगतो. आमच्या कारखान्यात जिगसॉ बनतात. पातळ प्लायवूडवर चित्र चिकटवायचं, ते एकदा आडव्या पात्यांच्या रुळाखालून आणि एकदा उभ्या पात्यांच्या रुळाखालून सरकवायचं, की झाले तुकडे. आडव्या ओळी किती आणि उभे रकाने किती हे मी ठरवतो, म्हणून कारखान्यात मला सगळे 'आडवंउभं' म्हणतात. ओळी गुणिले रकाने, म्हणजे एकूण तुकडे. रूळ कापायला लागला की या टोकापासून त्या टोकापर्यंत कापतो, अर्ध्यावर थांबणं त्याला ठाऊक नाही. (या बाबतीत तो आमच्या मालकीणबाईंसारखा आहे.) एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

मालकीणबाईंच्या कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांच्या धाकट्या बहिणीचा कारखाना आहे. तिथेही जिगसॉच बनतात. वडिलांनी दोघींना अर्धा अर्धा वाटून दिला आणि मध्ये भिंत घातली. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघींचे कान त्या एकाच भिंतीला असतात. धाकट्या बाईंनी एके दिवशी जाहीर केलं की त्या एक लाख दोन तुकड्यांचा जिगसॉ करणार. इतका मोठा आजवर कोणी केलेला नाही. झालं! मालकीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मला बोलावून म्हणाल्या, तिच्यापेक्षा मोठा हवा. फार मोठा नको, आपण काही हावरट नाही, पण मोठा.

मी कामाला लागलो. चित्र ठरलेलं होतं : टेकडी, तिच्यावर एक झाड, झाडाखाली दार उघडं असलेलं घर आणि बाकी सगळं आकाश. (आकाश मालकीणबाईंनी मुद्दाम वाढवून घेतलं. निळ्यात निळा तुकडा शोधताना गिऱ्हाईक रडकुंडीला आलं की त्यांना बरं वाटतं.) चित्र जवळजवळ चौकोनी, तेव्हा ओळी आणि रकानेही जवळजवळ सारखे हवेत. मी तीनशे सात ओळी घेतल्या, तीनशे एकोणतीस रकाने घेतले, गुणाकार मांडला आणि उत्तर आलं एक लाख तीन. आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्या बाईंपेक्षा बरोब्बर एकाने जास्त! मालकीणबाईंना सांगितलं तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. (जरा जोरात बसली, पण भावना चांगली होती.) त्याच दिवशी पाचशे खोक्यांवर 'एक लाख तीन तुकडे' असं ठसठशीत छापलं, रस्ताभर फलक लागले, त्यातला सगळ्यात मोठा धाकट्या बाईंच्या दारासमोर, आणि विक्रमांची नोंद करणाऱ्या कचेरीला हाच आकडा लेखी कळवला. त्या कचेरीचा नियम असा की जो आकडा कळवाल तोच मोजणीत निघाला पाहिजे. एकाने कमी नको, एकाने जास्त नको.

आता इथे मला एका बाईंबद्दल सांगायला हवं. (कामापुरतंच सांगतो.) आमच्याकडे हरवलेल्या तुकड्यांचा विभाग आहे. लोकांचे तुकडे हरवतात. कुत्रं खातं, नातू गिळतो, सोफा घेऊन बसतो. मग ते आम्हाला कळवतात आणि या बाई तो एकच तुकडा केसासारख्या बारीक करवतीने हाताने कापून, रंगवून पाठवतात. त्यांच्या खिडकीशी दिवसभर कर्र कर्र असा बारीक आवाज चालू असतो आणि टेबलावर पिवळसर भुसा सांडलेला असतो. कारखान्यात त्यांना सगळे 'भरपाईबाई' म्हणतात. कोणाच्या तरी घरी एका भोकासाठी अख्खं चित्र अडून बसलंय, एवढ्या विचाराने त्या जेवायची सुटीही पुरती घेत नाहीत. त्यांचा चहा मी नेऊन देतो. (तो माझ्या वाटेवरच पडतो. म्हणजे मी वाट तशी घेतो.)

तर एकदा चहा पिता पिता भरपाईबाई खोक्यावरचा आकडा बघत म्हणाल्या, "तुमच्या तीनशे एकोणतीसला सातने भाग जातो. मग गुणाकारालाही जायला हवा. एक लाख तीनला सातने भागलं तर एक उरतो. हा एक कुठून आला हो?"

आत्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिथेच खोक्याच्या झाकणावर पुन्हा गुणाकार मांडला. शतकात नऊ आणि एक दहा, शून्य लिहिलं, हातचा एक. आणि तो हातचा एक मी पुढे मिळवलाच नव्हता! तू शाळेत सगळ्या वर्गादेखत माझं बोट धरून, या बोटावर ठेव, या बोटावर, असं ओरडायचीस तोच हातचा. खरा गुणाकार होता एक लाख एक हजार तीन. एका बोटावरच्या एकाने हजार तुकड्यांचा घोळ केला होता. मालकीणबाईंना सांगायला गेलो तेव्हा माझी बोबडी वळली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं (हे वाईट लक्षण असतं) आणि म्हणाल्या, आकडा बदलणार नाही. भिंतीपलीकडे कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एक लाख तीनचे आडवे उभे नीट बसव, नाहीतर पहिला तू घरी बसशील.

मला वाटलं, त्यात काय! एवढी मोठी संख्या, कशाने तरी भाग जाईलच. शेजारच्या संख्या बघ किती माणसाळलेल्या आहेत. एक लाख घे, अडीचशे गुणिले चारशे, काय तो थाट! एक लाख एकला अकराने भाग जातो. एक लाख चारला तेवीसने जातो. एक लाख दहा तर इतकी गुणी आहे की दोनशे चौऱ्याहत्तर ओळी आणि तीनशे पासष्ट रकाने, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक रकाना! आणि या सगळ्यांच्या मध्ये आमची एक लाख तीन ढिम्म बसलेली. तीनने भागलं, एक उरला. सातने भागलं, एक उरला. अकराने दोन उरले. तेवीसने तर चक्क एकाने हुलकावणी दिली. आणखी एक असता तर सुटलो असतो. तुझा नियम आठवत होता : दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यांतली एक वर्गमुळाच्या आत सापडलीच पाहिजे, म्हणजे इथे तीनशे सोळाच्या आत. म्हणून दोनपासून तीनशे तेरापर्यंतच्या पासष्टच्या पासष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं. कारखान्यातल्या रद्दी प्लायवूडवर जागा उरली नाही. मालकीणबाई मधून मधून येऊन चारने बघितलंस का, सहाने बघितलंस का, असं विचारायच्या. दोनने जात नाही तर चारने कसा जाईल, असं म्हटलं की म्हणायच्या, तू आधी बघ, मग बोल. मी चारनेही बघितलं. नोकरी प्यारी असते, आत्या. शेवटी तीनशे तेराने भागलं, एकशे छप्पन्न उरले आणि मी हात टेकले. एक लाख तीन ही मूळ संख्या आहे. साधीसुधी नव्हे, सहा आकडी संख्यांमधली अगदी पहिली मूळ संख्या. जगात इतक्या संख्या पडल्या होत्या आणि मी गुणाकार चुकून नेमका हिच्या अंगावर जाऊन आदळलो.

जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कोणीही भागू शकत नाही ती मूळ संख्या, असं तू शिकवायचीस. (लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की हीच व्याख्या तू स्वतःबद्दल सांगायचीस आणि विचारणारा गप्प व्हायचा. मला ते फार ऐटबाज वाटायचं. हल्ली मी रात्री एकटाच भात गरम करून खातो तेव्हा तितकं ऐटबाज वाटत नाही.) मी मालकीणबाईंना सांगितलं की या आकड्याचा जिगसॉ एकाच प्रकारे होऊ शकतो : एक ओळ आणि एक लाख तीन रकाने. तुकडा दीड सेंटीमीटरचा धरला तर चित्र दीड सेंटीमीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब. मला वाटलं, आता तरी त्या आकडा सोडतील. तर त्या उठल्या, दारात गेल्या आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या की, म्हणजे तिच्या दारावरून जाईल का? पुढे आम्ही दोघं चालत गेलो. धाकट्या बाईंच्या दारावरून, चपलांच्या दुकानावरून, शाळेच्या कुंपणाकडेने पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून वळसा घालून परत, पुन्हा धाकट्या बाईंच्या दारावरून. दोनदा जातंय म्हटल्यावर मालकीणबाई हरखून गेल्या. दीड सेंटीमीटर उंचीत झाड कसं दिसेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गवत म्हणू.

(मध्येच एक गंमत सांगतो. धाकट्या बाईही काही सुखात नव्हत्या. एक लाख दोनला भाग पुष्कळ जातात, पण तिच्या पोटात दोन हजार तीनशे एक्याऐंशी ही आडमुठी मूळ संख्या दडलेली आहे. त्यामुळे फार झालं तर बेचाळीस ओळी आणि एवढे मोठे रकाने. त्यांचा जिगसॉ पस्तीस मीटर लांब झाला, जिन्यावरच्या सतरंजीसारखा. समुद्राचं चित्र आहे. सुरुवातीला एक होडी येते आणि मग बघणारा दमेपर्यंत पाणी. हे कळल्यावर मालकीणबाईंनी सगळ्यांना पेढे वाटायला सांगितले आणि मग स्वतःची एकच ओळ आठवून ते परत मागवले.)

माझा धीर सुटला होता. सामान बांधायला खोकी हवी होती म्हणून भरपाईबाईंच्या खिडकीशी गेलो. (खोकी दुसरीकडेही मिळतात, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.) त्यांनी काय झालं म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं : आकडा मूळ आहे, याला कोणी भागू शकत नाही, मी चाललो. इथून जावं लागणार याचं मला फार वाईट वाटत होतं आणि ते कारखान्यामुळे नव्हतं, एवढंच इथे लिहितो. त्या करवत खाली ठेवून म्हणाल्या, भागायचंच कशाला? अडीचशे गुणिले चारशे करा, लाख होतील. मग तीन तुकडे घ्या आणि प्रत्येकाचे दोन दोन करा.

रुळाला अर्ध्यावर थांबता येत नाही, म्हणून मलाही आजवर थांबता आलं नव्हतं. त्या मात्र दिवसभर एकेकच तुकडा कापतात. लाखात तीन मिळवले की लाख तीन होतात, हे तुझी शेजारची मुलंही सांगतील. मी पासष्ट भागाकार केले पण बेरीज सुचली नाही. मालकीणबाईंनी होकार दिला. (रस्त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.) चित्रकाराने आकाशाचा वरचा भाग काढून तो बाजूला जोडला. मग आम्ही दोघं खिडकीशी बसलो. झाडातला एक तुकडा आणि दारातला एक तुकडा भरपाईबाईंनी कापला. तिसरा, उजव्या कोपऱ्यातल्या आकाशातला, त्या म्हणाल्या तुम्ही कापा. मी करवत चमच्यासारखी धरली, तेव्हा त्यांनी वरून माझा हात धरला. कापलं गेलं ते वाकडंच, पण दोन्ही अर्धे एकमेकांत असे चपखल बसले की तिसरं काही तिथे बसूच नये. इतका आनंद मला यापूर्वी कोणत्याही प्लायवूडने दिलेला नाही.

विक्रमवाले साहेब मोजायचं यंत्र घेऊन आले. आकडा आला एक लाख तीन आणि माझा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच पडला, कारण साहेब म्हणाले की सगळा जोडून, एकही भोक न ठेवता भिंतीवर लावलेला दाखवा, मगच प्रमाणपत्र. तेव्हापासून अख्खा कारखाना मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात, भिंतीवरच्या मोठ्या काळ्या फळीवर तो जोडतोय आणि परवा पूर्ण झाला. शेवटचा कोपरा भरपाईबाईंनी लावला. रविवारी सकाळी दहाला साहेब येतील. भोक निघालं तर मालकीणबाई मला घरी पाठवतील, हे त्यांनी पुन्हा एकदा प्रेमाने सांगितलं आहे. पण काळजी नको, मी लांबून, जवळून, खुर्चीवर चढून पाहिलं. इतकं सुंदर दिसतंय! उजवीकडे आकाशात एक इवलासा काळा पक्षीही आहे. मूळ चित्रात तो मला आठवत नव्हता. भरपाईबाईंना विचारलं तर म्हणाल्या, असेल, संध्याकाळ झाली म्हणून घरी निघाला असेल. आत्या, तू शनिवारीच ये. रविवारी तुझ्या भाच्याचं नाव विक्रमाच्या पाटीवर, मालकीणबाईंच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, येणार आहे. ज्याला तू गणितात तीनदा नापास केलंस, त्याचं.

तुझा आज्ञाधारक भाचा,
आडवंउभं

ता. क. चष्मा आण. तीनशे तेराचा भागाकार तुझ्याकडून एकदा तपासून घ्यायचा आहे. एकशे छप्पन्न उरतात ना?

ता. क. २. भागाकार तितकासा महत्त्वाचा नाही. खरं काम असं आहे. जिगसॉ बघून झाला की तू भरपाईबाईंना बाजूला घे आणि माझ्याबद्दल विचार. तूच विचार. मला जमत नाही. मी अनेकदा ठरवून खिडकीशी गेलो, तोंड उघडलं आणि या आठवड्यात किती तुकडे हरवले, एवढंच विचारून आलो. त्यांनी दरवेळी आकडा सांगितला. तू वर्गात एवढ्या मुलांना उभं करून प्रश्न विचारलेस, हा एकच माझ्यासाठी विचार. मला त्या फार आवडतात. हे लिहिताना सुद्धा कानाची पाळी गरम झाली.

ता. क. ३. नको, विचारू नकोस. त्या नाही म्हणाल्या तर मी चहा कोणाला नेऊन देऊ? वरचा ता. क. वाचलाच नाही असं समज. खोडला असता, पण शाई संपत आली आहे. पत्र भरपाईबाईंकडेच देतोय. त्या रोज तुकडे टाकायला टपालात जातात.

ता. क. ४. आदरणीय आत्याबाई, सप्रेम नमस्कार. अक्षर बदललं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या भाच्याने पाकीट चिकटवलंच नव्हतं. (हातचा विसरणारा माणूस, डिंक कसा लक्षात ठेवेल?) पत्ता बघायला हातात घेतलं तर पानं बाहेर आली आणि मग मी सगळं वाचलं. त्याबद्दल माफी, पण वाचलं ते बरंच झालं. तीनशे तेराचा भागाकार बरोबर आहे, मी तपासलाय. आकाशातला पक्षी मात्र पक्षी नाही. ते भोक आहे, मागची काळी फळी दिसते. मालकीणबाईंच्या भिंतीवर सध्या एक लाख दोनच तुकडे आहेत, धाकट्या बाईंइतकेच. उरलेला, तुमच्या भाच्याने स्वतः वाकडा कापलेला अर्धा, माझ्या पर्समध्ये आहे. माझ्याकडे रोज कोणाकोणाचे हरवलेले तुकडे मागायला लोक येतात. हे एकटे असे आहेत की खिडकीशी येतात आणि दुसऱ्यांचेच तुकडे मोजून जातात. तुम्ही शनिवारी जरूर या, पण विचारू नका. त्यांना फक्त इतकंच सांगा की पक्ष्याकडे जरा जवळून बघ आणि मग भरपाईबाईंकडे जाऊन काय हरवलंय ते नीट सांग. नाहीच सांगितलं तरी रविवारी साहेब यायच्या आधी मी तो तुकडा गुपचूप लावणार आहे, त्यांची नोकरी मी जाऊ देईन होय? पण हे त्यांना कळू देऊ नका. घाबरू देत थोडे.